निरोपाचं पान

जावाजावांचं पटत नाही, असं लोक म्हणतात. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. या दोघींचं पटत होतं, आणि त्या पटण्यातून मुलांची चाळीसेक चित्रपुस्तकं निघाली होती. धाकटी लिहायची, थोरली चित्रं काढायची. त्यांचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, एकमेकांशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलले तरी खूप, आणि तीही पाण्याच्या पंपाबद्दल. पण वरच्या मजल्यावरून धाकटी हातात कागद घेऊन जिना उतरायला लागली की दोघे भाऊ गुपचूप आपापली वर्तमानपत्रं उचलून आतल्या खोलीत जात. आता इथे तास-दोन तास भांडण होणार, हे त्यांना पाठ झालं होतं.

भांडण शब्दांवरून व्हायचं. चित्रपुस्तक असतं मोजक्या बत्तीस पानांचं, त्यात शब्दाला जागा ती कितीशी! धाकटीने ‘म्हातारं कासव फार दमलं होतं’ असं लिहिलं की थोरली पेन्सिल उचलून ती ओळ खोडायची. “दमलेलं मी दाखवतेय ना? मग तू कशाला सांगतेस? पोरांना डोळे दिलेत देवानं.” धाकटी चिडायची, तोंड फुगवून वर जायची, आणि दुसऱ्या दिवशी खाली येऊन कबूल करायची की वहिनींचंच बरोबर आहे. असं करता करता धाकटीचं नाव झालं. जाणकारांनी लिहिलं की या लेखिकेच्या शब्दांत विलक्षण संयम आहे. संयम कसला डोंबलाचा! थोरलीने खोडलं होतं. पण हे कोण छापणार?

मग थोरलीचे हात थरथरायला लागले. आधी नुसती कपबशी वाजायची, पुढे ब्रशही ऐकेनासा झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी झोप तेवढी आली, हात होते तसेच राहिले. एके दिवशी थोरलीने सगळे ब्रश धुतले, पुसले, डब्यात उभे करून ठेवले आणि “झालं बाई माझं” म्हणून मोकळी झाली. स्वतः रडली नाही आणि कुणाला रडूही दिलं नाही. धाकटीने मात्र त्यानंतर एक ओळ लिहिली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायची, सध्या सुचत नाही.

अशात तो दिग्दर्शक आला. एक वाहिनी जुन्या अभिजात पुस्तकांवर चित्रपट करत होती आणि याच्या वाट्याला ती कादंबरी आली होती. ती म्हणजे तीच हो, सगळ्यांनी वाचलेली, आणि ज्यांनी वाचली नाही त्यांनीही वाचलीय म्हणून सांगितलेली. आईविना पोरीला तळहाताच्या फोडासारखं वाढवणारी आत्या, मग भावाचं दुसरं लग्न, मग एका पहाटे आत्याचं घर सोडून जाणं. त्या पहाटेचं आत्याचं भाषण शाळेच्या पुस्तकात होतं. वक्तृत्व स्पर्धेत दर वर्षी कुणी ना कुणी ते म्हणायचंच, आणि समोर बसलेले परीक्षकही ओठ हलवत बरोबर म्हणायचे. “पोरी, मी जाते म्हणून रडू नकोस, अगं, जाणारी माणसं का कधी जातात...” असं जे सुरू व्हायचं ते तीन पानं थांबायचं नाव घेत नसे.

दिग्दर्शकाने आधी दोघा पटकथाकारांकडून लिहून घेतलं होतं. दोन्ही वेळा हे एवढाले ठोकळे आले. त्यात माणसं अशी बोलत होती की बोलता बोलता दम लागून आडवी पडतील. मग घरी लेकीला मांडीवर घेऊन या जावांचं बदकाचं पुस्तक विसाव्यांदा वाचताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “मला असं हवंय,” तो येऊन म्हणाला. “कमी शब्दांत.”

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली खाली मान घालून मटार सोलत होती. दाणे ताटात कमी आणि जमिनीवर जास्त पडत होते.

“घे,” ती म्हणाली.

“एकटीनं?”

“मग काय वरात घेऊन जाणार आहेस? घे म्हणते ना.”

झालं. धाकटीने काम घेतलं. पण त्या दिवसानंतर थोरलीने एकदाही विचारलं नाही की कुठवर आलं, काय लिहिलंस, कुठे अडलीस. एरवी ‘आज भाजी काय’ विचारायच्या आधी जी ‘आज ओळ काय’ विचारायची, ती गप्प म्हणजे गप्प. धाकटीला ते फार लागलं. इतक्या वर्षांची संगत, आणि हिने बघता बघता हात झटकले! तीही मग हट्टाला पेटली. नाही विचारत तर नको, मीही सांगत नाही.

पटकथा कशी लिहितात हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होती तीच रीत तिने वापरली. मोठे कागद दुमडून, मधे शिवून तिने बत्तीस पानांची कोरी डमी केली, आणि ती जाडजूड कादंबरी तिच्यात बसवली. कुठल्या पानावर काय दिसतं एवढंच लिहायचं, आणि अगदीच घोडं अडलं तर बोलणं. निरोपाचा प्रसंग आला तेव्हा तिने उजव्या पानावर लिहिलं, ‘पहाट. आत्या चादरीची घडी घालते आहे.’ पान उलटलं, आणि पुढच्या पानावर लिहिलं, ‘रिकामी खाट.’ बस्स. ते पान झाल्यावर स्वारी स्वतःवर इतकी खूश झाली की एकटीसाठी चहा करून प्यायली.

पटकथा सगळ्यांना आवडली. दिग्दर्शकाने तर फोनवर नाक ओढत सांगितलं, “निरोपाचा प्रसंग काय उतरलाय! मला रडू आलं हो.” निर्मात्यालाही म्हणे आलं होतं. धाकटी मनातल्या मनात म्हणाली, बघा वहिनी, एकटीनं केलं.

आत्याच्या भूमिकेसाठी ज्या आल्या त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत. रंगभूमीवर राण्या, सासवा, न्यायाधीश असं सगळं करून झालेल्या, आणि आता गुडघे बोलतात म्हणून घरी बसलेल्या. त्या एका प्रसंगासाठी त्या उठून आल्या होत्या. शाळेत असताना हेच भाषण म्हणून त्यांना पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि तिथूनच आपण नाटकात आलो, हे त्या भेटेल त्याला सांगत. चहा देणाऱ्यालाही सांगून झालं होतं.

चित्रीकरणासाठी गावाबाहेरचं एक रिकामं घर घेतलं होतं. सगळ्या खोल्यांतून वायरी लोळत होत्या, खिडक्यांना काळे पडदे, आणि मधल्या खोलीत ती खाट. निरोपाचा प्रसंग दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता, त्याच्या पुढच्या दिवशी घर परत द्यायचं होतं. तालमीसाठी बाईसाहेब खाटेवर बसल्या, चष्मा लावला, पटकथा चाळली, परत मागून पुढे चाळली.

“बाळा,” त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या, “माझं भाषण कुठाय?”

“असेल की, बघा ना, पुढच्या पानावर.”

“पुढच्या पानावर रिकामी खाट आहे.”

दिग्दर्शकाने पटकथा घेतली. त्याने पानं उलटली, झटकली, एकाला एक चिकटलीत का तेही पाहिलं. “अहो, पण मी वाचलंय! मला चांगलं आठवतंय, मला रडू आलं होतं!”

“मीही वाचलं होतं,” कॅमेरावाला म्हणाला.

“मी तर घरी पाठ करत होते,” बाईसाहेब म्हणाल्या, “पण ते जुन्या पुस्तकातनं. म्हटलं तेच असणार. आज इथे बघते तर सगळं कोरं!”

कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीवर बसलेली धाकटी खाकरली. “ते तुम्ही शाळेत वाचलंत,” ती म्हणाली. “मी लिहिलेलंच नाही.”

खरी गंमत ही होती. भाषण सगळ्यांना इतकं पाठ की पटकथा वाचताना त्या जागी जो तो ते आपल्या मनाने वाचून पुढे गेला होता. रडले तेही आपापल्या आठवणीने रडले. धाकटीच्या कागदावर तिथे काहीच नव्हतं, आणि हे तिच्याखेरीज एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“लिहिलं नाही म्हणजे?” दिग्दर्शकाने विचारलं.

“ते पान उलटण्यात आहे,” धाकटी म्हणाली.

तिने समजावून सांगितलं की चित्रपुस्तकात मोठी गोष्ट कधी पानावर घडत नाही, दोन पानांच्या मधे घडते. दिग्दर्शक भला माणूस, तो चिडला नाही. त्याने बाईसाहेबांना चादर देऊन एक तुकडा घेतला, मग रिकाम्या खाटेचा एक घेतला, दोन्ही जोडले आणि धाकटीला मॉनिटरसमोर बसवलं. आत्या चादर घडी करतेय. टक्. आत्या नाही.

“पळाली वाटतं,” दिवे सांभाळणारा म्हणाला, आणि खोलीभर हशा पिकला. बाईसाहेबही हसल्या.

धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण चूक तिला त्याच क्षणी कळली. पुस्तकाचं पान उलटायला हात लागतो. तो हात आईचा असतो नाहीतर बाबाचा, आणि पोर तो धरून ठेवतं, ‘थांब’ म्हणतं, ‘ती कुठे गेली’ म्हणून विचारतं, मग आई आपल्या पदरचं काहीतरी सांगते. निरोप त्या थांबण्यात असतो. पडद्यावर थांबायला कुणाचा हातच नव्हता.

“उद्या सकाळपर्यंत प्रसंग द्या,” दिग्दर्शक तिला जिन्यापाशी गाठून म्हणाला. “नाही झाला तर मी मूळ भाषण घेतो. माझ्या मनात नाही, पण रिकामी खाट दाखवून लोकांना घरी पाठवता येत नाही.”

मूळ भाषण! अख्ख्या चित्रपटात जी आत्या मोजून बोलते ती एकदम तीन पानं बोलायला लागणार, म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बँड लावण्यातला प्रकार. पण धाकटीची खरी भीती ती नव्हती. हा प्रसंग जमला नाही तर एक गोष्ट कायमची सिद्ध होणार होती, जी ती कुणापाशी बोलली नव्हती. वहिनींवाचून आपल्याला लिहिता येत नाही, ही ती गोष्ट.

घरी येऊन ती टेबलाशी बसली. ‘आत्याने मुलीकडे पाहिलं’, असं लिहिलं आणि सवयीने खोडलं, हे वहिनी दाखवतील. मग आठवलं, वहिनी नाहीत दाखवायला. ‘पोरी’, असं लिहिलं, आणि पुढे आपसूक शाळेच्या पुस्तकातलंच उतरायला लागलं. कागदांचा बोळा, आणखी एक बोळा. शेवटी आपण याआधी निरोप कसे लिहिलेत ते बघावं म्हणून तिने कपाटातली पुस्तकं काढली. बदकाचं काढलं, आजोबांच्या खुर्चीचं काढलं, दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या मित्राचं काढलं. जमिनीवर फतकल मारून तिने सगळी पालथी घातली.

एकाही पुस्तकात तिने निरोप लिहिला नव्हता. जिथे जिथे कुणी गेलं होतं तिथे तिथे थोरलीचं चित्र होतं, आणि त्याखाली पांढरी जागा. बदकाची पिल्लं उडून जातात ते पान, ज्याबद्दल मुलाखतीत तिला हमखास विचारत आणि ती हमखास सांगे की तिथे मी मुद्दाम थांबले! मुद्दाम कुठली थांबली? तिथे ती अडली होती. थोरलीने एका शब्दाने न विचारता ते पान रंगवून दिलं होतं, आणि हे असं पुस्तकामागून पुस्तक चाललं होतं. धाकटी उठली आणि नाक मुठीत धरून जिना उतरली.

संध्याकाळ होत आली होती. थोरली खिडकीशी बसून अर्धाच भरलेला कप दोन्ही हातांनी धरून चहा पीत होती. हल्ली तिला अर्धाच द्यायचा असा घरात नियम होता. धाकटीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, दिवेवाल्याच्या शेऱ्यासकट. थोरली इतकी हसली की तो अर्धा कपही सांडला.

“हसा,” धाकटी म्हणाली. “माझा जीव जातोय आणि तुम्ही हसा. इतके दिवस एका शब्दानं विचारलं नाहीत. मी मेले की जगले!”

थोरलीने कप खाली ठेवला. “विचारलं असतं तर तू मलाच विचारत बसली असतीस. माझे हात गेले, त्यांच्या मागे तुझी लेखणीही बसली होती. ते बघवत नव्हतं मला. म्हटलं, ही एकदा माझ्याशिवाय पाण्यात पडू दे. जीभ चावून बसले होते मी, कळलं? माझ्या दादल्याला विचार, रोज त्याचं डोकं खात होते, वर काय चाललं असेल म्हणून.”

धाकटी समोर स्टुलावर बसली.

“तुम्ही हे पान कसं काढलं असतंत?” तिने विचारलं.

“मला काढायला सांगू नकोस. तू बोल. मी विचारते तेवढं सांग. उजेड कुठून येतोय?”

“कसला उजेड?”

“अगं पहाट ना? मग खिडकी कुठे?”

“आत्याच्या मागे.”

“म्हणजे तोंड अंधारात तिचं. छान. पोरगी?”

“झोपलीय.”

“खरंच झोपलीय?”

धाकटी हळूच म्हणाली, “नाही. सोंग घेतलंय.”

“हं. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. आत्याला कळलंय का?”

“कळलंय. पोरगी झोपेत तोंडानं श्वास घेते. आज नाकानं घेतेय.”

थोरलीने मान वर केली. “हे कुठून आणलंस?”

“आत्ताच सुचलं.”

“येऊ दे. हातात चादर आहे, ती कुणाची?”

“दोघींची. मोठी आहे. रोज दोघी मिळून घडी घालतात, दोन टोकं ही, दोन टोकं ती.”

“आणि आज?”

“आज आत्यानं एक बाजू हनुवटीखाली धरलीय.” धाकटीने पदराने नाक पुसलं. “पोरीला डोळे मिटून नुसती चादरीची सळसळ ऐकू येतेय.”

“लिही,” थोरली म्हणाली. “कागद घे आधी, मग रड.”

मग त्यांचं पूर्वीसारखं जुंपलं. आतल्या खोलीत दोघा भावांनी रेडिओ मोठा केला. आत्या भाषण करणार नव्हती. पोरगी ऐकतेय हे ठाऊक असून ती झोपलीय असं धरून आत्या आपली इकडचं तिकडचं पुटपुटत होती. दूध झाकून ठेवलंय, खिडकीतून मांजर येतं. वेणी सैल घालायची नाही, शाळेत सुटते. नवीन आई वाईट नाहीये, तिला अजून या घराची सवय नाही, एवढंच. धाकटीने पुढे लिहिलं, ‘तिचे डोळे भरून आले’, तर थोरली कडाडली, “खोड! बाईसाहेब काय फुकटचा चहा प्यायला आल्यात?” शेवटी आत्या दार लोटून जाते आणि पोरगी डोळे मिटूनच राहते, असं ठरलं. थोरली ‘ठीक’ म्हणाली. तिच्या तोंडी ‘ठीक’ म्हणजे पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेबांनी नवा प्रसंग वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. “म्हणजे माझं भाषण गेलंच म्हणायचं,” त्या म्हणाल्या. धाकटी अपराधी चेहऱ्याने उभी राहिली. मग बाईसाहेबांनी विचारलं, “पोरगी जागी आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे ना?”

“पहिल्यापासून.”

“मग करते,” त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

तालीम सुरू झाली. पोरीचं काम करणारी मुलगी खाटेवर डोळे मिटून पडली. बाईसाहेबांनी चादरीची एक बाजू हनुवटीखाली धरली, हात लांब केले, आणि दूध झाकून ठेवल्याचं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की दिवेवाल्यानेही उगाच मागे वळून पाहिलं. वेणीचं झालं, नव्या आईचं झालं. पोरीच्या पापण्या जरा हलत होत्या, बाकी सगळं गप्प.

पेटीवर बसलेल्या धाकटीला एकदम राग आला. अगं बोल ना कार्टे! ती बाई तुला जाता जाता सगळं घर देऊन चाललीय आणि तू गप्प पडून ऐकतेस? घेतलंस, घेतलंस आणि हूं नाही की चूं नाही! असा तिने पोरीचा मनातल्या मनात चांगला उद्धार केला. आणि मग तिच्या ध्यानात आलं की कार्टी कोण ते. आपल्याला ज्या ज्या पानावर जमलं नाही तिथे तिथे दुसऱ्या कुणी येऊन ते पान सांभाळून नेलं. आपल्याला सगळं ठाऊक होतं. आणि आपण मुलाखती देत डोळे मिटून पडून राहिलो. तिला तिथे बसवेना.

ती उठून कॅमेऱ्याशी गेली. “एक ओळ वाढवायचीय,” ती म्हणाली.

“तुम्ही ओळ वाढवणार?” दिग्दर्शक हसला. “सांगा, सांगा.”

तिने सांगितली. दिग्दर्शक हसायचा थांबला. त्याने ती बाईसाहेबांना सांगितली, मुलीला सांगितली, आणि म्हणाला, आता तालीम नको, सरळ घेऊ.

कॅमेरा सुरू झाला. दूध, वेणी, नवी आई. आत्या अर्धवट घडीची चादर खाटेवर ठेवून दाराकडे वळली, आणि खाटेवरून आवाज आला, “आत्या, मी जागी आहे. मघापासून.”

बाईसाहेब पाठमोऱ्याच थांबल्या. किती वेळ थांबल्या कुणास ठाऊक, पण त्यांना पुढे ढकलावं असं कुणालाही वाटलं नाही. मग त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे. ऊठ, टोक धर.” पोरगी उठली. दोघींनी मिळून चादरीची घडी घातली, टोकाला टोक, पुन्हा टोकाला टोक, आणि मग आत्या गेली.

दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरला. बाईसाहेब बाहेर येऊन पायरीवर टेकल्या आणि धाकटीला म्हणाल्या, “शाळेत हे असतं ना, तर मला बक्षीस मिळालं नसतं. रडतच खाली उतरले असते मी.” त्यांनी तिचा हात हातात घेऊन दाबला. धाकटीने त्यांचे आभार मानले, दिग्दर्शकाचे मानले, त्या मुलीचे मानले, दिवेवाल्याचेही मानले. सगळ्यांचे मानून झाले आणि मग तिला घरी जायची घाई झाली.

थोरली दारातच होती. “काय झालं? केलं का नीट? पाठ अंधाराकडे होती की उजेडाकडे?”

“सगळं तुम्ही म्हणालात तसंच. पण शेवट बदलला मी. तुम्हाला न विचारता.” धाकटीने तिला बसवलं आणि शेवट सांगितला. थोरली ऐकत राहिली. सवयीने तिने एक बोट उचललं, पेन्सिल असती तर ओळीवर टेकवलं असतं तसं, आणि बोट हवेतच थरथरत राहिलं.

“चादर मी काढली असती,” ती म्हणाली. “डोळे मिटलेली पोरगी काढली असती, उघडलेली काढली असती. पण ‘मी मघापासून जागी आहे’ हे मी कुठल्या रंगात काढणार होते? हे मला आलं नसतं गं. हे तुझं.”

धाकटीने तिचे दोन्ही हात धरले. ते हात तिच्या हातांत हलत राहिले. “वहिनी,” ती म्हणाली, “मीही जागी होते. मला एक निरोप लिहिता येत नव्हता आणि ते तुम्हाला पहिल्या पुस्तकापासून ठाऊक होतं. तुम्ही माझं प्रत्येक अडलेलं पान रंगवून दिलंत आणि मला कुठे उघडं पडू दिलं नाहीत. लोकांनी नावाजलं ते मला, पण ते तुमचं होतं. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. मी कधी बोलले नाही.”

थोरली खिडकीकडे बघत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

“का? ऐकू नाही आलं?”

“आलं की. पुन्हा म्हण.”

धाकटीने पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून.